रिअल इस्टेटमध्ये एमबीए: प्रवेशाच्या तयारीपासून पहिल्या मुलाखतीपर्यंत

एखादी इमारत विकत घ्यायची की नाही? घेतली तर स्वतःचे पैसे किती आणि कर्ज किती? मोठा भाडेकरू निघून गेला तर बँकेचा हप्ता कुठून भरायचा? आणि पाच-सात वर्षांनी ती इमारत आपल्याकडून कोण आणि कोणत्या हिशेबाने घेईल? रिअल इस्टेट हा विशेष विषय घेऊन केलेले एमबीए याच चार प्रश्नांभोवती फिरते. वित्त, कायदा, नगररचना, बांधकाम, विपणन हे सगळे विषय त्या प्रश्नांच्या उत्तरासाठी येतात. म्हणून अभ्यासाला बसताना एक नियम सुरुवातीपासून पाळावा: तक्त्यात जो आकडा लिहाल त्यामागे एक कागद किंवा एक प्रत्यक्ष भेट असली पाहिजे. भाड्याच्या आकड्यामागे करार, रिकाम्या जागेच्या टक्क्यामागे परिसराची पाहणी, दुरुस्तीच्या खर्चामागे अभियंत्याचा अहवाल. पुढची सगळी पद्धत याच नियमावर उभी आहे.

आधी काम ठरवा, मग अभ्यासक्रम

या क्षेत्रातली कामे वरवर सारखी वाटतात, पण रोजचा दिवस अगदी वेगळा असतो. गुंतवणूक कंपनीत खरेदी-विक्रीचे विश्लेषण करणारा माणूस दिवसभर तक्त्यात आणि करारांत असतो. विकासकाकडे काम करणारा परवानग्या, कंत्राटदार आणि रोख प्रवाह यांच्यात अडकलेला असतो. मालमत्ता व्यवस्थापक भाडेकरूंशी बोलतो, करारांचे नूतनीकरण करतो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक बसवतो. कर्ज देणाऱ्या संस्थेतला विश्लेषक काय बिघडू शकते हे शोधत असतो. यांतले कोणते काम दहा तास करायला आवडेल, हे त्या त्या कामातल्या किमान चार-पाच लोकांशी बोलून ठरवा.

त्यावरून पदवीचा प्रकार ठरतो. दोन वर्षांचे पूर्ण एमबीए घेऊन त्यात रिअल इस्टेटचे विषय निवडणे हा एक मार्ग. पूर्वीचे करिअर वेगळ्याच क्षेत्रातले असेल तर हा बरा, कारण मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळते आणि क्षेत्र बदलण्याचा खरा दरवाजा तोच असतो. दुसरा मार्ग फक्त रिअल इस्टेटच्या मास्टर्स पदवीचा. ती बहुधा वर्षभरात संपते, विषय अधिक खोलात जातो, पण क्षेत्र बदलायला वेळ कमी मिळतो. आधीपासून वास्तुरचना, बांधकाम किंवा मूल्यांकनात असलेल्यांना ती जास्त उपयोगी. एमआयटीचे सेंटर फॉर रिअल इस्टेट १९८३ मध्ये सुरू झाले आणि तिथली पदवी या दुसऱ्या प्रकारची आहे. व्हार्टन किंवा विस्कॉन्सिन-मॅडिसन इथे पूर्ण एमबीएच्या आत हा विषय घेता येतो. विस्कॉन्सिनमधले केंद्र जेम्स ग्रासकॅम्प या प्राध्यापकांच्या नावाने ओळखले जाते.

माहितीपत्रकावर विसंबू नका. त्यात रिअल इस्टेटचे दहा-बारा ऐच्छिक विषय छापलेले असतात, पण दर वर्षी ते सगळे शिकवले जातातच असे नाही. संस्थेला थेट विचारा: मागच्या दोन वर्षांत यांपैकी कोणते विषय प्रत्यक्ष चालले? एका वर्गात किती जागा असतात आणि पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्या मिळतात का? शिकवणाऱ्यांपैकी किती जण अजून व्यवसायात आहेत? इमारतींचा आर्थिक हिशेब मांडणाऱ्या आर्गस सॉफ्टवेअरचे परवाने विद्यार्थ्यांना मिळतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे, नोकरीची आकडेवारी फक्त रिअल इस्टेटच्या विद्यार्थ्यांची वेगळी काढून देता का? संपूर्ण एमबीए वर्गाची सरासरी तुमच्या कामाची नाही, कारण तिच्यात सल्लागार कंपन्या आणि बँकांत गेलेले विद्यार्थीही मिसळलेले असतात.

मूल्यांकनाच्या क्षेत्रात जायचे असेल तर पदवीला आरआयसीएसची (मूल्यांकन आणि मालमत्ता क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संस्था) मान्यता आहे का ते तपासा. ही संस्था १८६८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि तिचे सदस्यत्व अनेक देशांत ओळखले जाते. मान्यताप्राप्त पदवी आहे पण अनुभव नाही, अशांना साधारणपणे २४ महिन्यांचे नोंदवलेले प्रशिक्षण आणि शेवटी मुलाखत असे टप्पे पार करावे लागतात. मान्यता नसलेली पदवी निवडली की हा रस्ता लांबतो, आणि ते प्रवेश घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

अर्जाचे गणित

वर्ग सुरू होण्याच्या १२ ते १५ महिने आधी तयारीला लागा. बऱ्याच संस्थांच्या अर्जाची पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी जानेवारीत बंद होते. शिष्यवृत्ती हवी असेल तर पहिली फेरी गाठावी.

जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या सध्याच्या रूपात तीन भाग आहेत, प्रत्येकी ४५ मिनिटांचे: गणिती, भाषिक आणि माहितीचे आकलन. गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि निकाल पाच वर्षे ग्राह्य धरला जातो. जीआरई ही दुसरी प्रवेश परीक्षाही बहुतेक ठिकाणी चालते. रिअल इस्टेटसाठी गणिती आणि माहितीच्या भागातले गुण जास्त बोलतात.

निबंधात ‘मला इमारतींची आवड आहे’ असे लिहिलेले अर्ज ढिगाने येतात. त्याऐवजी एखादा व्यवहार किंवा प्रकल्प घ्या आणि त्यात पैसा कुठून आला, धोका कुणी घेतला, कुठे अडले, तुम्हाला त्यातले काय कळले नाही हे लिहा. ‘काय कळले नाही’ हाच तुमच्या पदवीचा हेतू असतो. शिफारसपत्र देणाऱ्याला किमान सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत तुम्ही केलेल्या तीन कामांचे टिपण द्या, म्हणजे पत्रात नेमके प्रसंग येतात.

वर्ग सुरू होण्याआधीचे आठ आठवडे

आठवड्याला दहा तास पुरेत. पहिले तीन आठवडे फक्त पैशाचे कालमूल्य: वर्तमान मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत), अंतर्गत परताव्याचा दर (सगळे येणे-जाणे धरून गुंतवणुकीवर मिळणारा वार्षिक परतावा), कर्जाचा हप्ता, मुद्दल-व्याजाचा तक्ता. हे कागदावर, साध्या कॅल्क्युलेटरने करा. पुढचे तीन आठवडे एक्सेल, तेही माऊसला हात न लावता. शेवटचे दोन आठवडे सूचीबद्ध आरईआयटींचे (भागधारकांच्या पैशातून भाड्याच्या मालमत्ता बाळगणाऱ्या कंपन्यांचे) वार्षिक अहवाल वाचा. अमेरिकेत ही रचना १९६० च्या कायद्याने आली, आणि तिथे अशा कंपनीला करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावा लागतो. त्यामुळे ती नफा साठवून वाढू शकत नाही आणि नव्या खरेदीसाठी पुन्हा पुन्हा बाजारातून पैसा उभा करते. अहवालातली भाडेकरूंची यादी, करार संपण्याची वर्षे आणि कर्जफेडीचे वेळापत्रक ही तीन पाने आधी वाचायला शिका. अध्यक्षांचे पत्र शेवटी.

एका इमारतीवर पाच आकडे

पहिल्या सत्रात जे शिकायचे ते एका उदाहरणात बसते. कार्यालयांची इमारत, भाड्याने देण्याजोगे क्षेत्र १०,००० चौरस मीटर, वार्षिक भाडे चौरस मीटरला २०० एकक. पूर्ण भरली तर उत्पन्न २०,००,०००. त्यातून १० टक्के रिकाम्या जागेचे वजा करा: १८,००,०००. चालवण्याचा खर्च ६,००,०००. उरले १२,००,०००. हे निव्वळ परिचालन उत्पन्न, म्हणजे एनओआय. यात कर्जाचा हप्ता आणि आयकर येत नाहीत. विद्यार्थी इथेच पहिली चूक करतात आणि व्याज खर्चात टाकतात.

बाजारात अशा इमारती ८ टक्के कॅप रेटने (वार्षिक एनओआय किमतीच्या किती टक्के आहे तो दर) जात असतील तर किंमत १२,००,००० भागिले ०.०८, म्हणजे १,५०,००,०००. आता कॅप रेट अर्ध्या टक्क्याने वाढून ८.५ झाला असे धरा. भाडे तेच, भाडेकरू तेच, पण किंमत १,४१,१७,६४७ वर येते, म्हणजे ५.९ टक्के घट. खरेदीसाठी ६० टक्के कर्ज घेतले असेल तर तुमचे स्वतःचे ६०,००,००० आहेत, आणि ही ८,८२,३५३ ची घट पूर्णपणे त्यांच्यातूनच जाते. तुमच्या भांडवलाचे नुकसान १४.७ टक्के.

आता कर्ज: ९०,००,०००, व्याज ७ टक्के, २० वर्षांची वार्षिक हप्त्यांची परतफेड. हप्ता येतो सुमारे ८,४९,५०० चा. एनओआयला हप्त्याने भागा: १.४१. हा कर्जफेडीच्या क्षमतेचा आकडा, डीएससीआर. सावकार तो १.२ ते १.४ च्या खाली जाऊ देत नाहीत, म्हणजे इथे जेमतेम जागा आहे. भाडेकरूंपैकी एक मोठा गेला आणि एनओआय १०,००,००० वर आले तर तो १.१८ होतो, आणि कराराच्या अटी मोडल्याची नोटीस येऊ शकते.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहा, कारण ती परीक्षेत आणि मुलाखतीत दोन्हीकडे विचारतात. व्याज ७ टक्के, कॅप रेट ८ टक्के. ‘स्वस्त पैसा घेऊन महाग उत्पन्न विकत घेतले, म्हणजे कर्जाने परतावा वाढला’ असे कुणालाही वाटेल. पण वार्षिक हप्ता कर्जाच्या ९.४४ टक्के आहे, कारण त्यात मुद्दलही आहे. तो कॅप रेटपेक्षा जास्त आहे. हप्ता भरून हातात उरतात सुमारे ३,५०,५००, म्हणजे स्वतःच्या ६०,००,००० वर ५.८ टक्के. कर्ज न घेता हाच आकडा ८ टक्के होता. रोखीच्या हिशेबाने कर्जाने परतावा घटवला. मुद्दल फेडल्याचा फायदा विक्रीच्या वेळी मिळेल हे खरे, पण तोवर दर वर्षी हातात कमी पैसा येणार. व्याजदराची तुलना कॅप रेटशी करण्याची सवय लागली की हा खड्डा दिसत नाही.

पाचवा आकडा विक्रीचा. एनओआय दर वर्षी ३ टक्के वाढते असे धरले आणि पाच वर्षांनी विकायचे असेल तर किंमत सहाव्या वर्षाच्या एनओआयवर काढतात, कारण विकत घेणारा पुढच्या वर्षीचे उत्पन्न विकत घेत असतो. ते १३,९१,१२९ येते. ८.५ टक्के कॅप रेटने विक्रीची किंमत १,६३,६६,२०० च्या आसपास. पाचव्या वर्षाचे उत्पन्न चुकून घेतले तर पावणेपाच लाखांचा फरक पडतो.

उत्तर तपासायला एक सोपी कसोटी आहे. खरेदी आणि विक्रीचा कॅप रेट एकच असेल आणि उत्पन्न स्थिर वेगाने वाढत असेल तर कर्जाशिवायचा परतावा म्हणजे कॅप रेट अधिक वाढीचा दर: ८ अधिक ३, बरोबर ११ टक्के. तुमच्या तक्त्यात ११ येत नसेल तर सूत्रात चूक आहे. विक्रीचा कॅप रेट ८.५ केला की तोच परतावा ९.९ वर येतो. विक्रीचा कॅप रेट खरेदीपेक्षा कमी धरणारे सादरीकरण दिसले की त्याची कारणे मागा. इमारत पाच वर्षांनी जुनी झालेली असते, ती तेव्हा जास्त महाग भावाने का जावी?

अंतर्गत परताव्याच्या दरासोबत भांडवल किती पट झाले हेही नेहमी लिहा. वर्षभरात २० टक्के मिळाले तर पैसे १.२ पट होतात. पाच वर्षे १५ टक्क्यांनी २.०१ पट. टक्का कमी, पण हातात आलेला पैसा कितीतरी जास्त.

करार वाचायला शिकणे

आमच्या मते या पदवीतले सर्वांत दुर्लक्षित कौशल्य म्हणजे भाडेकरार पूर्ण वाचणे. ऐंशी-शंभर पानांचा करार समोर घ्या आणि दोन पानांचा गोषवारा करा. त्यात हे यायलाच हवे: क्षेत्र आणि ते कोणत्या मापन पद्धतीने मोजले, सुरुवातीची आणि संपण्याची तारीख, भाडेमाफीचा काळ, भाडेवाढीचे सूत्र, मुदतीआधी निघण्याचा हक्क कुणाला आणि कधी, नूतनीकरण कोणत्या भाड्याने, दुरुस्ती-विमा-मालमत्ता कर कुणाकडे, सेवाशुल्कावर मर्यादा आहे का, पोटभाडेकरू ठेवता येतो का, अनामत किती.

मापन पद्धत किरकोळ वाटते, पण तीच इमारत बाहेरच्या भिंतीपासून मोजली आणि आतल्या वापरत्या जागेने मोजली तर क्षेत्रात मोठा फरक येतो. दोन इमारतींचे दर चौरस मीटरचे भाडे तुलना करताना पद्धत एक नसेल तर तुलनाच फुकट.

भाडेमाफीचा हिशेब असा. ६० महिन्यांचा करार, पहिले ६ महिने माफ, दरमहा १०० एकक. प्रत्यक्षात ५४ महिन्यांचे भाडे मिळते, म्हणून खरे भाडे ९०. बाजारभाव म्हणून छापलेले १०० गृहीत धरले की पुढचा सगळा तक्ता सुमारे ११ टक्के फुगतो.

करारांच्या सरासरी शिल्लक मुदतीचा आकडाही फसवतो. समजा तीन भाडेकरू आहेत: पहिला ६० टक्के भाडे देतो आणि त्याची २ वर्षे उरली आहेत, दुसरा ३० टक्के आणि ८ वर्षे, तिसरा १० टक्के आणि १० वर्षे. भारित सरासरी ४.६ वर्षे. ऐकायला ठीक. पण साठ टक्के उत्पन्न दोन वर्षांत दारातून बाहेर जाऊ शकते. म्हणून सरासरी लिहिली तरी तिच्या खाली वर्षनिहाय यादी द्यायचीच.

जमिनीची किंमत उरलेल्यातून निघते

विकासाच्या विषयात शेवटून सुरुवात करतात. प्रकल्प पूर्ण झाल्यावर सगळी विक्री १०० होईल असे धरा. बांधकाम ५५, वास्तुविशारद-अभियंत्यांचे शुल्क ५.५, कर्जाचा खर्च ६, विक्रीचा खर्च ३, विकासकाचा नफा २०. बेरीज ८९.५. जमिनीला उरले १०.५.

आता विक्रीचे भाव १० टक्के पडले. विक्री ९०, बांधकाम तेवढेच, शुल्क आणि कर्जाचा खर्च तेवढाच, विक्रीचा खर्च २.७, नफा १८. जमिनीला उरतात २.८. भाव १० टक्के उतरले आणि जमिनीची किंमत ७३ टक्के. तेजीत जमीन महाग घेतलेले विकासक का बुडतात याचे उत्तर या दोन ओळींत आहे. विकासाच्या प्रत्येक अभ्यासात विक्रीचे भाव, बांधकामाचा खर्च आणि विलंबाचे महिने या तिन्हींची संवेदनशीलता, म्हणजे प्रत्येक आकडा बदलला तर उत्तर किती बदलते ते, दाखवा. विलंब विसरू नका. परवानगी नऊ महिने उशिरा आली की व्याजाचे मीटर तेवढे चालू राहते.

तक्त्यात काय बिघडते

एक्सेलचे एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्याचे) सूत्र पहिला आकडा एका कालखंडाच्या शेवटी आला असे समजते. खरेदीची रक्कम त्या सूत्राच्या आत टाकली की सगळेच एक वर्ष जास्त वटवले जाते. ती बाहेर ठेवून वेगळी मिळवा. मासिक प्रवाहावर काढलेला परतावा मासिक असतो. त्याला १२ ने गुणणे आणि चक्रवाढीने वार्षिक करणे यांत फरक पडतो. महिन्याला १ टक्का म्हणजे एका रीतीने १२, दुसऱ्या रीतीने १२.६८. कोणती रीत वापरली ते शेजारी लिहा.

बांधकाम कर्जात व्याज एकूण खर्चात जाते, एकूण खर्चावरून कर्ज ठरते आणि कर्जावरून व्याज. अशी वर्तुळाकार सूत्रे घातली तर एक चुकीचा आकडा पूर्ण तक्ता बिघडवतो. व्याजाचा अंदाज वेगळ्या रकान्यात हाताने टाका, आलेल्या उत्तराशी ताडून पाहा, आणि फरक शून्याला येईपर्यंत बदलत राहा. गृहीतके एका पानावर, निळ्या अक्षरांत; सूत्रे काळ्या. सूत्राच्या पोटात आकडा कधीही लपवू नका. आणि पैशाचे स्रोत व उपयोग (कुठून आला, कुठे गेला) जुळतात का, वर्षअखेरचे कर्ज शिल्लक तक्त्याशी जुळते का, अशा चार-पाच तपासण्या वरच्या कोपऱ्यात कायम दिसू द्या.

आर्गस शिकाच, पण एक्सेलमध्ये तीच इमारत स्वतः बांधल्यानंतर. नाहीतर सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर चूक आहे हे ओळखताच येत नाही.

जागेवर गेल्याशिवाय

दर महिन्याला किमान दोन इमारती पाहा, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी. गोदामात छताची उंची, फरशीची भारक्षमता, ट्रक वळायला लागणारी जागा आणि माल चढवायचे दरवाजे मोजा. कार्यालयात खांबांमधले अंतर, लिफ्टची संख्या, खिडकीपासून लिफ्ट-जिन्यांच्या गाभ्यापर्यंतचे अंतर आणि वातानुकूलन यंत्रणेचे वय पाहा. दुकानांच्या इमारतीत लोक कोणत्या दाराने येतात आणि कुठे वळतात ते अर्धा तास उभे राहून मोजा. परत आल्यावर त्याच दिवशी एक पान लिहा, आणि त्यातली किमान एक गोष्ट तक्त्यातला कोणता आकडा बदलते ते सांगा. वातानुकूलन यंत्र १८ वर्षांचे दिसले तर पुढच्या पाच वर्षांत भांडवली खर्चाचा रकाना शून्य कसा राहील?

विषयांची निवड आणि स्पर्धा

वित्त, मालमत्ता कायदा, विकास प्रक्रिया आणि मूल्यांकन हे चार विषय कोणत्याही कामासाठी घ्यावेत. वाटाघाटी आणि करव्यवस्था त्यानंतर. भागीदारीतल्या नफावाटपाचा विषय मिळाला तर सोडू नका. गुंतवणूकदाराला आधी ८ टक्के, त्यापुढच्या नफ्यातला २० टक्के व्यवस्थापकाला, अशी रचना सोपी वाटते, पण ८ टक्के चक्रवाढीने की सरळ, आणि भांडवल परत केल्यानंतर की आधी, यावर रक्कम बदलते.

अर्बन लँड इन्स्टिट्यूट या जमीन आणि शहरविकासाच्या क्षेत्रातल्या संस्थेची हाईन्स विद्यार्थी स्पर्धा २००३ पासून होते. पाच जणांचा संघ असतो, त्यात किमान तीन वेगवेगळ्या विद्याशाखा लागतात, आणि साधारण दोन आठवड्यांत एका मोठ्या भूखंडाचा आराखडा व त्याचा आर्थिक हिशेब द्यायचा असतो. एमबीएच्या विद्यार्थ्यांना तिथे वास्तुविशारदांबरोबर काम करावे लागते. चित्र सुंदर पण पैसे बसत नाहीत, हे शांतपणे समजावून सांगण्याचा सराव यापेक्षा चांगला कुठे होत नाही. संघ डिसेंबरच्या आत जमवा. स्पर्धा जानेवारीत सुरू झाल्यावर चांगले रचनाकार शिल्लक राहत नाहीत.

नोकरीचे वेगळे वेळापत्रक

मोठ्या बँका आणि सल्लागार कंपन्या शरद ऋतूतच मुलाखती संपवतात. रिअल इस्टेटमधल्या बऱ्याच कंपन्या लहान असतात आणि जागा निघाली की भरतात, अगदी पदवी मिळण्याच्या महिन्याभर आधीही. वर्गमित्रांच्या हातात ऑक्टोबरमध्येच नोकऱ्या आल्या म्हणून घाबरून नको ते काम पत्करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. पहिल्या सत्रापासून आठवड्याला दोन जणांशी बोला, नाव-तारीख-विषय यांची यादी ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी नवीन काही सांगण्यासारखे असेल तेव्हाच पुन्हा लिहा.

मुलाखतीत तक्त्याची परीक्षा जवळपास ठरलेली असते: एक-दोन पानांची माहिती आणि एक ते तीन तास. पहिली दहा मिनिटे काहीच न टाइपता वाचा आणि काय दिलेले नाही ते लिहून काढा. मग वार्षिक, साधा, पण पूर्ण तक्ता उभा करा: उत्पन्न, खर्च, कर्ज, विक्री, परतावा. तो चालू झाल्यावरच मासिक बारकावे. अर्धवट राहिलेला गुंतागुंतीचा तक्ता नापास होतो, पूर्ण झालेला साधा तक्ता पास होतो. शेवटची पंधरा मिनिटे राखून ठेवा आणि एका परिच्छेदात लिहा: घ्यावी की नाही, कोणत्या किमतीपर्यंत, आणि कोणत्या दोन गृहीतकांवर हे मत बदलेल. बहुतेक उमेदवार हा परिच्छेद लिहितच नाहीत, आणि परीक्षक पान उलटून आधी तोच शोधतात.